घटक ४ : तांत्रिक विषयाचे सादरीकरण – अनोळखी श्रोता आणि निवेदनाची गती

अनुक्रमणिका
४.१ उद्दिष्टे
४.२ प्रास्ताविक
४.३ विषय-विवेचन
  ४.३.१ गती म्हणजे नेमके काय?
  ४.३.२ जाणकाराची अडचण
  ४.३.३ अनोळखी श्रोत्यांचा अंदाज
  ४.३.४ एक उदाहरण : भूकंपाचे मोजमाप
  ४.३.५ पंधरा मिनिटांचे नियोजन
  ४.३.६ प्रत्यक्ष सादर करताना
४.४ सारांश
४.५ पारिभाषिक शब्द
४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.७ सरावासाठी स्वाध्याय

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• सादरीकरणातील ‘गती’ आणि बोलण्याचा वेग यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• विषयाच्या जाणकाराला श्रोत्याची अडचण का दिसत नाही, याची कारणे सांगता येतील.
• एखाद्या तांत्रिक विषयातील नव्या संकल्पना मोजून त्यांचा क्रम ठरवता येईल.
• पंधरा मिनिटांच्या सादरीकरणाचा वेळ-आराखडा तयार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण तांत्रिक विषयावरील लेखाची भाषा कशी असावी, याचा विचार केला. आता तोच विषय वर्गासमोर उभे राहून सांगायचा झाल्यास काय बदलते, हे पाहावयाचे आहे.

तुमच्या अभ्यासकेंद्रातील वर्ग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बाकावर प्राथमिक शिक्षिका असेल, शेजारी बँकेत काम करणारा कारकून, मागे शेती सांभाळून पदवी पूर्ण करणारा कोणी, खिडकीजवळ आरोग्यसेविका. रविवारच्या संपर्कसत्राला ही मंडळी एकत्र येतात आणि एरवी फारशी भेटत नाहीत. कोणाला विषयाची किती माहिती आहे, हे वक्त्याला ठाऊक नसते. अशा श्रोतृवर्गापुढे प्रकल्पाचे सादरीकरण करताना बहुतेक विद्यार्थी एकाच चिंतेत असतात : ‘पंधरा मिनिटांत सगळे सांगून होईल का?’ श्रोत्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो : ‘यातले मला काय कळेल?’

लेख वाचणारा मनुष्य अडला तर मागे वळतो, परिच्छेद पुन्हा वाचतो, शब्दकोश उघडतो. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. वाक्य कानांवरून गेले की गेले. लेखात वाचक आपली गती स्वतः ठरवतो. सादरीकरणात ती वक्ता ठरवतो. म्हणूनच गतीची जबाबदारीही वक्त्यावर येते. या घटकाचा गाभा हाच आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ गती म्हणजे नेमके काय?

‘जरा सावकाश बोला’ ही सूचना आपण नेहमी ऐकतो. ती चुकीची नाही. पण अपुरी आहे. अवघड वाक्य सावकाश उच्चारले म्हणून ते सोपे होत नाही. उलट, परिचित गोष्ट वेगाने सांगितली तरी ती सहज कळते. क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन करणारा निवेदक झरझर बोलतो, तरी खेळ जाणणारा श्रोता एकही चेंडू चुकवत नाही. कारण ‘यष्टिरक्षक’, ‘पायचीत’, ‘षटक’ हे शब्द त्याच्या परिचयाचे असतात. ज्याने क्रिकेट कधी पाहिलेलेच नाही, त्याला तेच वर्णन कितीही संथ करून ऐकवले तरी अर्थबोध होणार नाही.

यावरून सादरीकरणातील गतीचे दोन थर वेगळे करता येतात.

(अ) शब्दगती : एका मिनिटात उच्चारलेल्या शब्दांची संख्या. ही घड्याळाने मोजता येते.
(आ) संकल्पनागती : ठरावीक वेळात श्रोत्यापुढे ठेवलेल्या नव्या कल्पनांची संख्या. ही मोजण्यासाठी आपल्या संहितेवरून पेन्सिल घेऊन जावे लागते.

तांत्रिक सादरीकरण फसते ते बहुधा दुसऱ्या थरावर. दोन नव्या संकल्पनांच्या मध्ये श्रोत्याला पाय टेकवण्यासाठी जी जागा मिळते, तिलाच या घटकात आपण ‘गती’ म्हणणार आहोत. ही जागा उदाहरणाने, आकृतीने, पुनरुक्तीने, प्रश्नाने किंवा नुसत्या शांततेनेही निर्माण होते.

आपल्या परंपरेत याचे जाणते रूप कीर्तनात दिसते. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार अभंगाचे निरूपण करतो; तो भाग तत्त्वविचाराचा असतो. उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून, म्हणजे कथेतून उलगडते. मध्ये नामगजर होतो, टाळ वाजतात, श्रोते सूर धरतात. हा गजर केवळ विरंगुळा नसतो. ऐकलेले मनात मुरण्यासाठी त्याने अवकाश मिळतो. श्रोतृवर्गात विद्वान आणि निरक्षर एकत्र बसलेले असूनही कीर्तन दोघांपर्यंत पोहोचते, त्यामागे हे गतीचे भान आहे.

४.३.२ जाणकाराची अडचण

विषय ज्याला चांगला येतो, त्याने तो चांगला सांगावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात जाणकाराचीच एक विशिष्ट अडचण असते. १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांना परिचित गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायला सांगितले आणि इतरांना ते गाणे ओळखायला सांगितले. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी केवळ ३ ओळखली गेली.

कारण उघड आहे. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण गाणे सुरांसह चालू असते. ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त टकटक. विषयाचा अभ्यास केलेला वक्ता ‘लघुगणक’ हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याच्या मनात त्याचा पूर्ण अर्थ उभा असतो. श्रोत्याला ऐकू येतात ती नुसती अक्षरे. शिवाय, आपल्याला एखादी गोष्ट कळत नव्हती ती अवस्था पुन्हा आठवणे हे माणसाला फार जड जाते. त्यामुळे ‘हे तर सर्वांना ठाऊक असेलच’ असे वाटून मधल्या पायऱ्या गाळल्या जातात.

दुसरी मर्यादा श्रोत्याच्या स्मरणाची आहे. तात्पुरत्या स्मृतीत माणूस एका वेळी साधारणपणे सात, कमी-अधिक दोन, एवढे घटक धरून ठेवू शकतो, असे मत जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादन केले. आकड्याविषयी मतभेद असले तरी आपल्या दृष्टीने निष्कर्ष एकच : ही ओंजळ लहान आहे. ती भरलेली असताना आणखी ओतले, तर नवे सांडतेच, पण आधीचेही वाहून जाते.

मराठीच्या वाक्यरचनेमुळे या मर्यादेला आणखी एक पदर येतो. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. कर्ता, कर्म, विशेषणे, पोटवाक्ये हे सर्व श्रोत्याला क्रियापद येईपर्यंत धरून ठेवावे लागते. त्यात प्रत्येक नाम तत्सम जोडशब्द असेल, तर वाक्य संपेपर्यंत ओंजळ रिकामी झालेली असते. म्हणून बोलण्याच्या मराठीत वाक्य आखूड ठेवणे, ही गतीचीच गरज आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. शब्दगती व संकल्पनागती यांतील फरक एका वाक्यात सांगा.
२. न्यूटन यांच्या प्रयोगात वाजवणाऱ्यांचा अंदाज चुकला, तो कशामुळे?
३. योग्य की अयोग्य ते लिहा : अवघड वाक्य संथपणे उच्चारल्यास ते आपोआप सुबोध होते.

४.३.३ अनोळखी श्रोत्यांचा अंदाज

श्रोते अनोळखी असले, तरी त्यांच्याविषयी काहीच कळू शकत नाही असे नाही. सादरीकरणापूर्वी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

(१) सर्वांना समान असलेला अनुभव कोणता? गणिताचे ज्ञान सर्वांना सारखे नसते. पण घरातील दिवा, स्वयंपाकघर, एस.टी.चा प्रवास, पावसाची वाट पाहणे हे अनुभव सर्वांचे असतात. नव्या संकल्पनेचा पहिला दोरा या अनुभवाला बांधावा.

(२) कोणता शब्द श्रोत्यांनी वेगळ्याच अर्थाने ऐकला असेल? अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा पारिभाषिक शब्द अधिक फसवा असतो. भौतिकशास्त्रातील ‘कार्य’, व्याकरणातील ‘प्रयोग’, अर्थशास्त्रातील ‘मागणी’ हे शब्द ऐकताना श्रोता थांबत नाही. कारण ते आपल्याला कळले असे त्याला वाटते. अशा शब्दावर वक्त्याने मुद्दाम थांबले पाहिजे.

(३) श्रोत्याने घरी जाताना काय घेऊन जावे? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर काय गाळावे हे ठरवता येणार नाही आणि गाळता आले नाही तर गती साधणार नाही.

सत्र सुरू करताना एखाद्या सोप्या प्रश्नावर हात वर करायला सांगूनही श्रोत्यांचा अंदाज येतो. मात्र प्रश्न ज्ञानाची परीक्षा घेणारा नसावा. ‘लघुगणक कोणाकोणाला येतात?’ असे विचारले, तर न येणाऱ्याला ओशाळे वाटते. ‘भूकंपाच्या बातमीतला रिश्टरचा आकडा कोणी कोणी ऐकला आहे?’ असे विचारले, तर सर्वांचे हात वर होतात आणि श्रोतेही सादरीकरणात सामील होतात.

४.३.४ एक उदाहरण : भूकंपाचे मोजमाप

आता एक विषय घेऊन प्रत्यक्ष काम करू. समजा, तुम्हांला ‘भूकंपाचे मोजमाप’ हा विषय पंधरा मिनिटांत मांडायचा आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे की, महाराष्ट्राला त्याची जिवंत आठवण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर हादरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे झोपेतच गाडली गेली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या विषयातील गैरसमज केवळ परीक्षेतील गुणांपुरता राहत नाही. आपले घर कितपत सुरक्षित आहे, हे ठरवताना तो आडवा येतो.

पहिला मसुदा. पाठ्यग्रंथ वाचून सहजपणे लिहिला जाणारा आरंभ असा असतो :

‘भूकंपनाभीपासून उत्सर्जित होणाऱ्या प्रत्यास्थ तरंगांच्या भूकंपालेखावरील महत्तम आयामाच्या लघुगणकावर आधारित असे जे परिमाण चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडले, त्याहून भूपृष्ठावरील परिणामांवर आधारलेली व मर्केली श्रेणीने दर्शविली जाणारी तीव्रता ही भिन्न होय.’

वाक्यात चूक काही नाही. छापील पानावर ते चालेलही. आता पेन्सिल घेऊन नव्या संकल्पना मोजा : भूकंपनाभी, प्रत्यास्थ तरंग, भूकंपालेख, आयाम, लघुगणक, परिमाण, मर्केली श्रेणी, तीव्रता. एका वाक्यात आठ. वाक्य उच्चारायला पाव मिनिटही लागत नाही. ओंजळीची मर्यादा लक्षात घेता, श्रोता तिसऱ्या-चौथ्या शब्दाशीच मागे राहतो आणि पुढे फक्त आवाज ऐकतो.

निवड. श्रोत्याने घरी जाताना काय न्यावे? समजा, उत्तर असे : ‘भूकंपाचा आकडा एकच असतो, पण त्याचा परिणाम ठिकाणागणिक वेगळा असतो, आणि आकडा एकाने वाढला तर भूकंप अनेक पटींनी मोठा होतो.’ या वाक्यासाठी आठांपैकी दोनच संकल्पना अनिवार्य ठरतात : परिमाण आणि तीव्रता. पटीची कल्पना सांगावी लागेल; परंतु ‘लघुगणक’ हा शब्द न उच्चारताही ती सांगता येते. भूकंपनाभी, प्रत्यास्थ तरंग, आयाम हे शब्द वगळता येतील. शास्त्रज्ञ आता मोठ्या भूकंपांसाठी रिश्टर यांच्या मूळ मापनाऐवजी वेगळे परिमाण वापरतात, ही माहिती खरी आणि महत्त्वाची आहे; तरी ती प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावी. गाळलेले ज्ञान वाया जात नाही. कोणी प्रश्न विचारला की तेच कामी येते.

फसव्या शब्दाची दखल. बातम्यांत ‘रिश्टर मापनावर ६.२ तीव्रतेचा भूकंप’ अशी शब्दयोजना रूढ आहे. म्हणजे शास्त्र ज्यांना दोन वेगळ्या गोष्टी मानते, त्या दोहोंसाठी व्यवहारात एकच शब्द वापरला जातो. श्रोत्याच्या मनात ‘तीव्रता’ या शब्दाला आधीच ६.२ हा आकडा चिकटलेला असतो. तो सोडवल्याशिवाय पुढे गेलात, तर तुमचे पुढचे प्रत्येक वाक्य त्याला उलटे कळेल. येथे गती मुद्दाम कमी करावी.

दुसरा मसुदा. आता हेच निवेदन बोलण्याच्या मराठीत कसे होईल, ते पाहा :

‘खोलीत एक दिवा आहे. साठ वॅटचा. दिव्याजवळ बसलेल्याला पुस्तकातले बारीक अक्षर दिसते. कोपऱ्यात बसलेल्याला ते दिसत नाही. दिवा बदलला का? नाही. दिवा साठ वॅटचाच आहे. पोहोचणारा उजेड मात्र जागेप्रमाणे बदलला. (थांबा.) भूकंपाचेही असेच आहे. भूकंप स्वतः केवढा, ते सांगणारा आकडा म्हणजे परिमाण. तो दिव्याचा वॅट. तुमच्या गावात जमीन किती हादरली, घरांचे काय झाले, ती तीव्रता. तो तुमच्या पुस्तकावर पडलेला उजेड. (थांबा.) किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. एकच आकडा. पण किल्लारीत घरे कोसळली आणि पुण्या-मुंबईत तोच भूकंप केवळ धक्का म्हणून जाणवला. परिमाण एक, तीव्रता निरनिराळी.’

या मसुद्यात शब्द जास्त आहेत, वेळ जास्त लागतो. पण नव्या संकल्पना दोनच आहेत आणि प्रत्येकीच्या आधी तिची जागा तयार केलेली आहे. पारिभाषिक शब्द अनुभवाच्या नंतर येतो, आधी नाही, हेही लक्षात घ्या. आधी गोष्ट दाखवावी, मग तिला नाव द्यावे.

दृष्टांताची सीमा. दिव्याचे उदाहरण अंतरापुरते खरे आहे. किल्लारी परिसरातील विनाशाला आणखी एक मोठे कारण होते : दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद. भिंती सुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. हे दिव्याच्या उदाहरणात बसत नाही. ‘उदाहरण येथपर्यंतच, आता घराच्या बांधणीकडे वळू’ असे स्पष्ट सांगून पुढे जावे. दृष्टांत ताणला की तोच नवा गैरसमज निर्माण करतो.

पटीची कल्पना. परिमाण एकाने वाढले, तर आलेखावरील कंपनाची रेघ दहापट मोठी होते. हे सांगण्याऐवजी फळ्यावर काढून दाखवा. पाचच्या भूकंपासाठी एक सेंटिमीटरची रेघ काढा. सहासाठी दहा सेंटिमीटरची. सातसाठी शंभर सेंटिमीटर, म्हणजे एक मीटरची. ही तिसरी रेघ ओढताना हात फळ्यावर सरकत राहतो. तेवढ्या वेळात श्रोत्याला फरक स्वतःच उमगतो. आकृती काढण्यास लागणारा वेळ हा येथे वाया गेलेला वेळ नाही. तीच योग्य गती आहे. तयार स्लाइडवर तिन्ही रेघा एकदम झळकल्या, तर हा लाभ मिळत नाही. वेळ उरल्यास पुढची गोष्ट सांगावी : बाहेर पडणारी ऊर्जा प्रत्येक पायरीला सुमारे ३२ पट वाढते, म्हणजे दोन पायऱ्यांना सुमारे हजारपट.

उदाहरणाची निवडही श्रोत्यांवर अवलंबून असते. साताऱ्याकडील वर्गात कोयनेचा उल्लेख जवळचा वाटेल. लातूर-धाराशिवच्या वर्गात मात्र समोर बसलेल्यांपैकी कोणी त्या पहाटे आपली माणसे गमावलेली असू शकतात. तेथे किल्लारीचे नाव घेताना आकड्यांची सरबत्ती करू नये. आवाज खाली आणावा, क्षणभर थांबावे आणि मगच पुढील वाक्य उच्चारावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. पहिल्या मसुद्यातील आठ संकल्पनांपैकी कोणत्या दोन अनिवार्य ठरल्या? का?
२. ‘तीव्रता’ हा शब्द श्रोत्यासाठी फसवा का आहे?
३. रेघा तयार स्लाइडवर न दाखवता फळ्यावर का काढाव्यात?

४.३.५ पंधरा मिनिटांचे नियोजन

निवड झाल्यावर वेळेची वाटणी करावी. वरील विषयासाठी पुढील आराखडा उपयोगी पडेल.

० ते २ मिनिटे : प्रारंभीचा प्रश्न – ‘एकाच भूकंपात एक गाव उद्ध्वस्त होते आणि दुसरे वाचते, असे का?’ सादरीकरणाचा उद्देश एका वाक्यात.
२ ते ५ मिनिटे : दिव्याचे उदाहरण, परिमाण व तीव्रता या दोन शब्दांची ओळख, दोन्ही शब्द फळ्यावर लिहिणे.
५ ते ६ मिनिटे : पडताळणीचा प्रश्न व त्याची चर्चा.
६ ते ९ मिनिटे : किल्लारीचे उदाहरण, अंतर व घराची बांधणी.
९ ते १२ मिनिटे : फळ्यावरील तीन रेघा, पटीची कल्पना. (ऊर्जेचा भाग वेळेनुसार गाळता येण्याजोगा.)
१२ ते १३ मिनिटे : समारोप – घरी न्यावयाचे वाक्य.
१३ ते १५ मिनिटे : श्रोत्यांचे प्रश्न.

या आराखड्यात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली, नवी माहिती सांगण्यासाठी पंधरांपैकी नऊच मिनिटे राखली आहेत. उरलेली सहा मिनिटे श्रोत्याला सोबत आणण्यासाठी आहेत. दुसरी, कोणता भाग गाळता येईल हे आधीच ठरवलेले आहे. वेळ कमी पडतो तेव्हा बहुतेक वक्ते वेग वाढवतात, म्हणजे सर्वच भाग बिघडवतात. त्याऐवजी एक भाग पूर्ण गाळावा आणि उरलेले नीट सांगावे.

संहिता किती लांब असावी, हे स्वतःच्या वाचनावरून ठरवा. घड्याळ लावून एक मिनिट मोठ्याने, समोर माणसे आहेत असे समजून बोला आणि शब्द मोजा. तीन वेळा मोजून सरासरी काढा. मनातल्या मनात वाचून काढलेला अंदाज नेहमी कमी भरतो. कारण त्यात श्वास, थांबे आणि फळ्याकडे वळणे धरलेले नसते.

४.३.६ प्रत्यक्ष सादर करताना

विद्युतचुंबकीय संशोधनासाठी विख्यात असलेले मायकेल फॅराडे हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सामान्य श्रोत्यांसाठी व्याख्याने देत. तेथे १८२५ साली सुरू झालेली मुलांसाठीची नाताळ व्याख्याने आजही चालू आहेत. फॅराडे यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे की, आपण भरभर बोलू लागल्यास ‘सावकाश’ असे लिहिलेला पुठ्ठा समोर ठेवावा, अशी सूचना त्यांनी आपल्या सहायकाला देऊन ठेवली होती. वेळ संपत आल्यावर ‘वेळ’ असा दुसरा पुठ्ठाही दाखवला जाई. एवढ्या मोठ्या वक्त्यालाही बोलता बोलता स्वतःची गती कळत नसे आणि ते त्यांनी ओळखले होते. तुम्हीही मागच्या बाकावरील एखाद्या सहाध्यायाला हे काम सांगू शकता.

थांबे. संहितेत थांब्याची खूण लिहून ठेवा. नवा शब्द उच्चारल्यानंतर मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा. वक्त्याला ही शांतता फार लांब वाटते. श्रोत्याला ती पुरेशी वाटते.

पुनरुक्ती. लेखात दोष मानली जाणारी पुनरुक्ती सादरीकरणात गुण ठरते. मात्र पारिभाषिक शब्द बदलू नये. एकदा ‘परिमाण’ म्हटले की शेवटपर्यंत ‘परिमाण’च म्हणावे. शब्दवैविध्यासाठी मध्येच ‘मापनांक’ म्हटल्यास श्रोत्याला ती तिसरीच गोष्ट वाटते.

पडताळणी. ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गात नेहमीच ‘हो’ असे उत्तर मिळते. सर्वांदेखत ‘नाही’ म्हणणे अवघड असते. त्याऐवजी समज वापरावी लागेल असा प्रश्न विचारा : ‘एकाच भूकंपाचे परिमाण लातूरमध्ये जास्त आणि पुण्यात कमी असेल का?’ वर्गातून ‘हो’ असे उत्तर आले, तर दोन शब्दांतील भेद अजून पोहोचलेला नाही. मग पुढे न जाता दिव्याकडे परत या. पडताळणीचे उत्तर ऐकून मार्ग बदलण्याची तयारी नसेल, तर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दिशादर्शक वाक्ये. ‘आतापर्यंत दोन शब्द पाहिले, आता आकड्याकडे वळू’ अशी वाक्ये मधूनमधून येऊ द्यावीत. ज्याचे लक्ष क्षणभर विचलित झाले, त्याला पुन्हा सोबत येण्याची ही संधी असते.

४.४ सारांश

सादरीकरणातील गती म्हणजे केवळ बोलण्याचा वेग नव्हे. दोन नव्या संकल्पनांमध्ये श्रोत्याला मिळणारा अवकाश, हे तिचे खरे माप आहे. जाणकाराला श्रोत्याची अडचण सहसा दिसत नाही आणि श्रोत्याची तात्पुरती स्मृती मर्यादित असते. म्हणून संकल्पना मोजणे, अनिवार्य तेवढ्याच ठेवणे आणि सामान्य अनुभवाला बांधणे आवश्यक ठरते. आधी अनुभव, मग पारिभाषिक शब्द, हा क्रम ठेवावा. वेळ अपुरा पडल्यास वेग न वाढवता आधी ठरवलेला भाग गाळावा. थांबे, पुनरुक्ती, खरी पडताळणी आणि दिशादर्शक वाक्ये यांमुळे अनोळखी श्रोताही शेवटपर्यंत सोबत राहतो.

४.५ पारिभाषिक शब्द

संकल्पनागती : ठरावीक वेळात श्रोत्यापुढे येणाऱ्या नव्या कल्पनांचे प्रमाण.
परिमाण : भूकंप स्वतः केवढा होता, हे सांगणारा, स्थळानुसार न बदलणारा आकडा.
तीव्रता : विशिष्ट ठिकाणी भूकंपाचा जाणवलेला परिणाम, मर्केली श्रेणीत याचे बारा टप्पे मानले आहेत.
भूकंपालेख : भूकंपमापक यंत्राने काढलेली कंपनांची नोंद.
पडताळणीचा प्रश्न : श्रोत्याला समज वापरून उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. शब्दगती उच्चारलेल्या शब्दांची, तर संकल्पनागती श्रोत्यापुढे ठेवलेल्या नव्या कल्पनांची मोजली जाते.
२. वाजवणाऱ्यांच्या मनात संपूर्ण गाणे चालू होते. ऐकणाऱ्यांना केवळ टकटक ऐकू येते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.
३. अयोग्य.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. परिमाण आणि तीव्रता. श्रोत्याने घरी न्यावयाचे वाक्य या दोहोंवाचून सांगता येत नाही.
२. बातम्यांत हा शब्द परिमाणासाठी वापरला जातो. त्यामुळे तो कळला असे श्रोत्याला वाटते, पण शास्त्रीय अर्थ वेगळा असतो.
३. रेघ ओढण्यास लागणाऱ्या वेळात श्रोत्याला पटींतील फरक स्वतः जाणवतो.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सादरीकरणात गतीची जबाबदारी वक्त्यावर असते’ हे विधान लेख आणि भाषण यांची तुलना करून स्पष्ट करा.
२. तुमच्या व्यवसायातील एखादी तांत्रिक गोष्ट निवडा. उदाहरणार्थ, कर्जाच्या हप्त्यातील व्याज, ठिबक सिंचनातील दाब, लसीची शीतसाखळी. तिचे पाठ्यग्रंथी भाषेतील एक वाक्य लिहा, त्यातील नव्या संकल्पना अधोरेखित करा आणि दोनच संकल्पना ठेवून बोलण्याच्या मराठीत दीडशे शब्दांत पुनर्लेखन करा.
३. उपक्रम : वरील विषयाचा पंधरा मिनिटांचा वेळ-आराखडा तयार करा. गाळता येण्याजोगा भाग कंसात दाखवा. त्या विषयाशी संबंध नसलेल्या घरातील एखाद्या व्यक्तीसमोर सादरीकरण करा. संपल्यावर ‘कळले का?’ असे न विचारता, तिने काय ऐकले ते तिच्याच शब्दांत सांगायला सांगा. तिने सांगितलेले आणि तुम्ही सांगू इच्छिलेले यांतील अंतर पाच ओळींत नोंदवा व नोंद संपर्कसत्रात सोबत आणा.